नागपूर परिसरातील सिकलसेल रक्तक्षय : रक्त आणि औषध

१. विषयप्रवेश

वैद्यकाच्या इतिहासात रोगाचा शोध व रोगाचा उपचार ह्या दोन घटना बहुधा एकापाठोपाठ सांगितल्या जातात. पहिली घडली की दुसरी आपोआप तिच्या मागून येते, असा समज त्यामुळे दृढ होतो. नागपूर येथील सिकलसेल रक्तक्षयाचा इतिहास ह्या समजुतीस छेद देणारा आहे. मध्य भारतात हा रोग आहे, ही गोष्ट १९५८ साली नागपूरच्या डॉ. आर. एन. शुक्ला व डॉ. बी. आर. सोळंकी यांनी प्रसिद्ध केली. ह्या रोगाच्या मुळाशी काही अंशी पोहोचणाऱ्या औषधाची पद्धतशीर परीक्षा ह्याच नगरातील मुलांवर होऊन तिचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावयास मात्र २०१२ साल उजाडले. मधल्या चौपन्न वर्षांत रोग्याच्या वाट्यास मुख्यतः आले ते रक्त. फिकट पडलेला, डोळे पिवळे झालेला, हातापायांच्या वेदनांनी तळमळणारा मुलगा रुग्णालयात आणावयाचा, त्यास रक्त चढवावयाचे, आणि घरी न्यावयाचे, हा क्रम अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालला.

ह्या कालावधीकडे पाहताना दोन टोकाचे निष्कर्ष टाळणे अवश्य आहे. औषध उपलब्ध असूनही चौपन्न वर्षे ते दिले गेले नाही, असे म्हणता येत नाही. कारण १९८४ पूर्वी ते ह्या रोगासाठी जगात कोठेच वापरात नव्हते. त्याचप्रमाणे, रक्त देणे ही चूक होती आणि औषधाने ती दूर केली, असेही म्हणता येत नाही. कित्येक प्रसंगी रक्तानेच रोग्याचे प्राण वाचतात. खरा प्रश्न असा की, फिकटपणाच्या मागे कोणता रोग आहे, हे रोग्याच्या उशाशी उभ्या असलेल्या वैद्यास केव्हा कळू लागले. आणि रोगी संकटात सापडण्यापूर्वीच तो ओळखला जाण्याची व्यवस्था केव्हा झाली. रक्त आणि औषध यांच्या निवडीचा इतिहास हा वस्तुतः ह्या ओळखीचा इतिहास आहे, असे प्रस्तुत विवेचनावरून दिसून येईल.

२. लोह, यकृत आणि यीस्ट

रक्तक्षयावर औषध द्यावे, ही कल्पना ह्या देशास नवी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि लोह व मंडूर यांचे कल्प पांडुरोगावर वैद्य परंपरेने देत आले आहेत. युरोपातही लोहाच्या क्षारांचा उपयोग जुनाच. लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात हा उपचार यथार्थ आहे. परंतु सर्व फिकटपणा लोहाच्या अभावानेच येतो, हा समज त्यातूनच रूढ झाला, व पुढे त्याची बाधा सिकलसेलच्या रोग्यांस पोहोचली.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ह्या समजास पहिला धक्का बसला. १९२६ साली बोस्टन येथील मायनॉट व मर्फी यांनी, त्या काळी असाध्य मानला गेलेला एक रक्तक्षय रोज भरपूर यकृत खाऊ घातल्याने हटतो, असे दाखविले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, ल्युसी विल्स ह्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरणी कामगारांच्या वस्त्यांतील गर्भवती स्त्रियांत आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. ह्या स्त्रियांचा आहार निकृष्ट होता आणि त्यांच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या झालेल्या असत. मार्माइट ह्या स्वस्त यीस्ट-अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फोलिक आम्ल ह्या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व. १९४०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले. त्या कार्यामागील संशोधकांत मूळचे आंध्रचे यल्लाप्रगड सुब्बाराव हे अग्रणी होते.

हा संदर्भ येथे देण्याचे कारण असे की, सिकलसेलच्या रोग्यास आजही जी छोटी पिवळी गोळी नित्य घेण्यास सांगितले जाते, ती फोलिक आम्लाचीच होय. ह्या रोगात तांबड्या पेशी झपाट्याने नष्ट होतात; त्यांच्या जागी नव्या घडविण्यास हे जीवनसत्त्व अधिक प्रमाणात खर्ची पडते. अर्थात ही गोळी रोग हटवीत नाही. ती केवळ नव्या पेशींच्या निर्मितीस लागणारी सामग्री पुरविते. रोगाचे मूळ निराळ्या ठिकाणी होते.

३. १९५८ : रोगास नाव मिळाले

विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी प्रथम वर्णिल्या त्या शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी, १९१० साली. त्यांचा रोगी वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेला एक तरुण होता. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी ह्या रोगाचे कारण हीमोग्लोबिनच्या रेणूतच आहे असे सिद्ध केले. आणि १९५६–५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी त्या रेणूच्या एका साखळीत केवळ एक अमिनो आम्ल बदललेले असते, हे दाखवून दिले. एवढ्या अल्प फरकामुळे प्राणवायू कमी झाला की हीमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटतात, मऊ पेशी ताठर व वाकडी होते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते आणि अल्पायुषी ठरते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच नाश पावते. रक्तक्षय, कावीळ आणि असह्य वेदना ही तिन्ही लक्षणे ह्या एकाच घटनेची फळे होत.

हा रोग आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९५२ साली लेहमान व कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत हा गुण दाखविला आणि त्याच वर्षी डनलॉप व मझुमदार यांनी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत तो नोंदविला. ह्या मळ्यांतील मजूर पूर्व व मध्य भारतातून नेलेले होते. तेव्हा ज्या प्रदेशातून ते निघाले, तेथेही हा गुण असावयास हवा, हे अनुमान सहज निघत होते. ते प्रत्यक्ष पाहण्याचे काम नागपुरात झाले.

१९४७ साली स्थापन झालेले नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा जेमतेम एका तपाचे होते. नागपूरचे राजधानीपण १ नोव्हेंबर १९५६ रोजी संपले होते, तरी छत्तीसगड, बालाघाट, छिंदवाडा, भंडारा, चांदा ह्या भागांतील रोगी उपचारासाठी पूर्ववत नागपूरकडेच येत. शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील ह्या गुणाविषयीचा लेख फेब्रुवारी १९५८ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्याच वर्षी ए. एस. परांडे यांच्यासह लिहिलेला, भारतातील प्रत्यक्ष रोग्यांविषयीचा लेख ‘ब्लड’ ह्या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिल्या लेखाचा विषय गुण होता, दुसऱ्याचा विषय रोग होता; आणि हा भेद महत्त्वाचा आहे. माता अथवा पिता यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेली व्यक्ती वाहक असते व बहुधा निरोगी राहते. दोघांकडूनही ते आले तर रोग उद्भवतो. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी ही शक्यता चारात एक इतकी असते.

ह्या शोधास एक सामाजिक बाजू आहे व ती वगळून पुढील इतिहास समजणार नाही. नागपूरच्या व त्यापुढील सर्वेक्षणांत हा गुण ज्या समाजांत विशेष आढळला, त्यांत महार समाजाचे नाव अग्रभागी होते. ह्या समाजातील लक्षावधी लोकांनी अवघ्या सोळा महिन्यांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समवेत ह्याच नगरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन जातीचे नाव त्यागिले होते. वैद्यकीय वाङ्मयात मात्र ते नाव पुढे कित्येक दशके टिकून राहिले. वस्तुतः कुणबी, तेली ह्या समाजांत, तसेच गोंड, माडिया, परधान आदी जमातींतही हा गुण आढळतो. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखविल्याप्रमाणे वाहकास तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणून जेथे हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या बळी घेतले, तेथे हे जनुक टिकून राहिले. जंगल, तलाव आणि भातशेती यांनी व्यापलेला पूर्व विदर्भ हा असाच प्रदेश होय. तेव्हा हा गुण भूमीच्या इतिहासाने दिलेला आहे. जातीने इतकेच केले की, विवाहाचे वर्तुळ लहान ठेवून तो त्या त्या वर्तुळात साठवून ठेविला. परंतु ‘अमक्या जातीचा रोग’ ही ओळख एकदा रूढ झाल्यावर तपासणीचा प्रश्न विवाह जुळण्याच्या व मोडण्याच्या भीतीशी जोडला गेला, आणि अनेक कुटुंबांस न कळणेच श्रेयस्कर वाटू लागले.

४. रक्ताचे कार्य आणि त्याची मर्यादा

रोगास नाव मिळाले, तरी ते नाव प्रयोगशाळेपुरते राहिले. विळ्याच्या आकाराच्या पेशी दाखविणारी काचपट्टीवरील परीक्षा सोपी होती. परंतु वाहक व रोगी यांतील भेद निश्चित करणारी विद्युत्-विभाजनाची सोय थोड्याच ठिकाणी होती. गावातील वैद्य अथवा तालुक्याचा दवाखाना यांच्यापुढे जो येई तो केवळ फिकट, पिवळ्या डोळ्यांचा मुलगा. डोळ्यांवरून कावीळ, सांध्यांवरून वात आणि वाढलेल्या पाणथरीवरून जुना हिवताप, असे एकाच रोगाचे तीन निरनिराळे अर्थ लावले जाणे स्वाभाविक होते. फिकटपणासाठी लोहाच्या गोळ्या मिळत. आणि अवस्था फारच बिघडली की शहरात नेऊन रक्त.

रक्त देण्याची क्रिया तोवर सुरक्षिततेच्या मार्गावर बरीच पुढे आली होती. लँडस्टाइनर यांचा रक्तगटांचा शोध १९०१ साली प्रसिद्ध झाला. १९१४–१५ च्या सुमारास सायट्रेटमुळे रक्त न गोठता ठेवणे शक्य झाले. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात रक्तपेढीचे कार्य उभे राहिले. अपघात, शस्त्रक्रिया व प्रसूतीतील रक्तस्राव यांत रक्ताने केलेले काम प्रत्यक्ष डोळ्यांना दिसे. ज्याचे रक्त कमी त्यास रक्त द्यावे, हा न्याय त्यामुळे निर्विवाद वाटू लागला.

सिकलसेलमध्ये हा न्याय अपुरा पडतो, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. ह्या रोग्याचे हीमोग्लोबिन बहुधा सात ते नऊ ग्रॅमच्या दरम्यान स्थिर असते व त्याचे शरीर त्यास सरावलेले असते. शिवाय हे सदोष हीमोग्लोबिन पेशीजालास प्राणवायू अधिक सहज सोडते. म्हणून केवळ आकडा कमी आहे एवढ्यावरून रक्त देण्याची निकड उत्पन्न होत नाही. उलट, ताठर पेशींनी भरलेल्या रक्तात आणखी पेशी घालून हीमोग्लोबिन दहा-अकरा ग्रॅमच्या वर नेले, तर रक्त दाट होऊन रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका वाढतो. नेहमीच्या वेदनेच्या झटक्यात रक्ताने लाभ होत नाही. तेथे पाणी, ऊब आणि पुरेसे वेदनाशामक औषध यांचीच गरज असते.

दुसरी मर्यादा लोहाची. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. अन्नातून शरीर दररोज एक-दोन मिलिग्रॅमच लोह घेते आणि अतिरिक्त लोह बाहेर टाकण्याचा मार्ग त्यास नाही. वारंवार रक्त घेणाऱ्या रोग्याचे यकृत, हृदय व अंतःस्रावी ग्रंथी यांत हे लोह साचत जाते. त्यातच फिकटपणा पाहून कोणी पुन्हा लोहाच्या गोळ्या दिल्या, तर भर पडते ती अपायाचीच. लोह काढून टाकणारी औषधे १९६०च्या दशकापासून उपलब्ध झाली, परंतु पहिले औषध सुईवाटे तासन्‌तास द्यावे लागे व महाग होते. तोंडाने घ्यावयाचे डेफेरिप्रोन १९९०च्या दशकात प्रथम भारतातच परवान्यासह बाजारात आले.

तिसरी मर्यादा रक्त येते कोठून, ही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर रक्तपेढ्यांचा मोठा भार होता. नात्यातील माणसे रक्त देण्यास कचरत, कारण दिलेले रक्त पुन्हा भरून येत नाही अशी समजूत होती. एच.आय.व्ही.ची तपासणी १९८९ मध्ये बंधनकारक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून विक्रीच्या रक्तदानावर बंदी आली, आणि कावीळ ‘क’ ह्या विषाणूची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. तरीही धोका संपूर्णपणे नाहीसा झाला नाही. मे २०२२ मध्ये नागपुरातील, वारंवार रक्त घ्यावे लागणारी चार थॅलेसेमियाग्रस्त बालके एच.आय.व्ही.बाधित आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने महाराष्ट्र शासनास नोटीस बजावली. थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकारात रक्त हाच जगण्याचा आधार असतो. तेथे निवड नसते. सिकलसेलमध्ये ती पुष्कळदा असते, आणि म्हणूनच रक्ताची प्रत्येक पिशवी खरोखर आवश्यक होती काय, हा प्रश्न येथे अधिक गंभीर ठरतो.

रक्ताचे स्थान तथापि नाकारता येत नाही. लहान मुलाच्या पाणथरीत एकाएकी रक्त साठून हीमोग्लोबिन झपाट्याने कोसळते तेव्हा, अस्थिमज्जेचे कार्य काही काळ थांबते तेव्हा, किंवा फुप्फुसांत तीव्र आघात होतो तेव्हा रक्तास पर्याय नाही. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या परीक्षेने तर असे दाखविले की, मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या मुलांस नियमित रक्त दिल्याने पक्षाघाताचा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो. रक्त कोणास, केव्हा व कशासाठी, हे ठरविण्यास रोगाची निश्चित ओळख आधी हवी, हाच ह्याचा अर्थ.

५. ‘सौम्य रोग’ हा समज

१९८०च्या दशकात भारतीय सिकलसेलविषयी एक नवे मत पुढे आले. ओरिसातील रोग्यांच्या अभ्यासात असे आढळले की, त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असते व त्यांचा रोग वेस्ट इंडीजमधील रोग्यांच्या मानाने सौम्य असतो. भारतात व अरबस्तानच्या पूर्व भागात ह्या जनुकाची जी विशिष्ट पार्श्वभूमी आढळते, तिच्याशी ह्या वैशिष्ट्याचा संबंध जोडण्यात आला. निष्कर्ष ओरिसापुरता साधार होता. परंतु तो संपूर्ण भारतास लागू करण्यात आला, तेव्हा त्यातून एक अनिष्ट सूचना निघाली: रोग सौम्य असेल, तर कडक औषधाची गरज काय?

नागपूरच्या बालरोग विभागातील खाटा निराळी साक्ष देत होत्या. तेथील डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासांतून, मध्य भारतातील कित्येक मुलांत हा रोग तीव्र असतो, वेदनेचे झटके, जंतुसंसर्ग व रक्ताची वारंवार गरज ही तेथे नित्याची असते, असे पुढे आले. जनुकाची पार्श्वभूमी एकच असूनही रोगाची तीव्रता सर्वत्र सारखी नसते, हा ह्या कार्याचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

ह्याच काळातील आणखी एक प्रसंग उल्लेखनीय आहे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी कार्य आरंभिले, तेव्हा त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या अभ्यासांत सिकलसेलचा समावेश होता. रोगाचा प्रसार मोठा असल्याचे आढळले. परंतु हा आपला प्रमुख प्रश्न आहे, असे तेथील लोकांस वाटले नाही, हे बंग यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. हिवताप, अतिसार, बालकांचा न्यूमोनिया हे शत्रू त्यांस समोर दिसत होते. सिकलसेलचा रोगी मात्र ह्यांपैकीच कशानेतरी दगावला असे मानले जाई. ज्या रोगास लोकांच्या भाषेत नाव नाही, त्याच्या उपचाराची मागणीही होत नाही.

६. दहा मिलिग्रॅम

औषधाचा मार्ग एका साध्या निरीक्षणातून निघाला. १९४८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांस असे आढळले की, नवजात अर्भकांत विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच थोड्या असतात. गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन त्यांचे रक्षण करते, हे त्यावरून सुचले. जन्मानंतर काही महिन्यांत हे हीमोग्लोबिन ओसरते व रोग प्रकट होतो. तेच पुन्हा वाढविता आले तर? १८६९ मध्ये जर्मनीत तयार झालेले व रक्ताच्या कर्करोगात वापरले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे द्रव्य हे कार्य करते, असे १९८४ साली दोन रोग्यांत दिसून आले. १९९५ मध्ये अमेरिकेतील २९९ प्रौढ रोग्यांवरील परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वेदनेच्या झटक्यांचे वार्षिक मध्यमान औषध घेणाऱ्यांत २.५, तर न घेणाऱ्यांत ४.५ होते, आणि औषध घेणाऱ्यांपैकी ४८, तर न घेणाऱ्यांपैकी ७३ रोग्यांस रक्त द्यावे लागले. रक्त आणि औषध यांची समोरासमोर तुलना आकड्यांत मांडता यावी, असा हा पहिला मोठा पुरावा होता. १९९८ साली अमेरिकेत हे औषध ह्या रोगासाठी मान्य झाले.

ते नागपुरात जसेच्या तसे लागू करणे सोपे नव्हते. अमेरिकेतील पद्धत अशी की, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास १५ मिलिग्रॅमपासून आरंभ करून, रोग्यास सोसेल त्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ३५ मिलिग्रॅमपर्यंत, मात्रा वाढवीत जावयाची. मात्रा वाढली की पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका वाढतो, म्हणून पंधरवड्या-पंधरवड्यास रक्त तपासावे लागते. शंभर-दीडशे किलोमीटरवरून, एका दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या मातेस हे कसे साधावे? शिवाय मिळणारी कॅप्सूल प्रौढांसाठीची, ५०० मिलिग्रॅमची असे. पंधरा किलो वजनाच्या मुलास तिचा तिसरा हिस्साही पुष्कळ होई.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ह्या अडचणीतूनच निराळा प्रश्न विचारला गेला: मात्रा कमी व कायम ठेवली तर लाभ होतो काय? तीव्र रोग असलेल्या ६० मुलांवर, दर किलोग्रॅमला १० मिलिग्रॅम ह्या स्थिर मात्रेची, औषधाविना ठेवलेल्या गटाशी तुलना करून दीड वर्ष परीक्षा झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्या मुलांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन वाढले, वेदनेचे झटके, रुग्णालयातील वास्तव्य आणि रक्ताची गरज ही लक्षणीय घटली. ज्या जनुकीय पार्श्वभूमीमुळे भारतीय रोग सौम्य मानून औषध अनावश्यक ठरविले जात होते, तीच पार्श्वभूमी अल्प मात्रेस अनुकूल ठरली असावी, असे दिसते.

ह्या परीक्षेचे महत्त्व आकड्यांपुरते नाही. परदेशात सिद्ध झालेला उपचार येथील रोग्याच्या अंतराचा, मजुरीचा व प्रयोगशाळेच्या अभावाचा विचार करून पुन्हा तपासला गेला, ही त्यातील मुख्य गोष्ट होय. १९५८ मध्ये नागपूरच्या रोग्याने जगाच्या ज्ञानात भर घातली होती, परंतु त्यास स्वतःस त्यापासून फारसा लाभ झाला नव्हता. २०१२ मध्ये ज्ञान आणि लाभ प्रथमच एका ठिकाणी आले.

७. रुग्णालयाबाहेर

औषध रोज घ्यावे लागते, आयुष्यभर घ्यावे लागते, आणि त्याचा परिणाम ते घेतल्याबरोबर दिसत नाही. रक्ताचा परिणाम त्याच दिवशी दिसतो; चेहऱ्यावर तेज येते, मूल उठून बसते. रोग्याच्या आप्तांचा विश्वास रक्तावर अधिक असणे म्हणूनच समजण्यासारखे आहे. हा विश्वास औषधाकडे वळविण्याचे काम केवळ डॉक्टरांचे राहिले नाही. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांची संघटना उभी करून तपासणी, समुपदेशन व शासनाकडे पाठपुरावा यांसाठी दीर्घकाळ श्रम केले. २०१८ साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात डॉ. सुदाम काटे यांनी असेच कार्य केले व त्यांस २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, ही रोग्यांच्या संघटित मागणीची मोठी फलश्रुती म्हणता येईल.

दुसरा बदल तपासणीच्या काळाचा. मातेची तपासणी गर्भारपणातच करून, ती वाहक आढळल्यास अर्भकाची जन्मतः तपासणी करण्याचा उपक्रम नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात राबविण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. जन्मतःच ओळखलेल्या मुलास जंतुसंसर्गापासून वाचविण्यासाठी पेनिसिलिन व लस देता येते. त्याचा उपयोग १९८६ मध्येच अमेरिकेत सिद्ध झाला होता. पाणथरी वाढली आहे काय, हे हाताने चाचपून पाहण्यास मातेस शिकविता येते. रक्ताची तातडीची गरज केव्हा पडेल, हे घरातच ओळखता येऊ लागते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी हा त्याचा पाया योग्यच आहे. तथापि नुसते कार्ड हाती देऊन तपासणी थांबली, तर १९५८ चीच पुनरावृत्ती होईल: नाव मिळेल, उपचार मिळणार नाही.

८. समारोप

मधल्या काळात परदेशांत नवी औषधे आली. त्यांपैकी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले व्हॉक्सेलोटर २०२४ साली त्याच्या उत्पादकानेच जगभरातून मागे घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे जनुक-उपचारासही मान्यता मिळाली, परंतु त्याचा खर्च विदर्भातील सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडचा आहे. ह्या पार्श्वभूमीवर फोलिक आम्लाची गोळी आणि हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त कॅप्सूल यांचेच मोल आज अधिक ठरते. त्यांपैकी एकीचे मूळ मुंबईच्या गिरणी वस्तीत आहे, दुसरीच्या मात्रेचा निर्णय नागपूरच्या बालरोग विभागात झाला आहे.

उपर्युक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रक्त आणि औषध हे परस्परांचे शत्रू नसून त्यांची क्षेत्रे निराळी आहेत. रक्त संकटासाठी, औषध संकट टाळण्यासाठी. दुसरी, रोगाची निश्चित ओळख नसली की रक्त हाच एकमेव उपाय भासतो, आणि तोच पुढे अपायाचे कारण होऊ शकतो. तिसरी, ही ओळख केवळ प्रयोगशाळेत होऊन भागत नाही. ती गावाच्या दवाखान्यात, मातेच्या हातात आणि विवाहाच्या बोलणीतही पोहोचावी लागते. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काचपट्टीवर १९५८ मध्ये जे दिसले, ते विदर्भातील घराघरांत कळावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि दुर्गम गावांत ते कार्य अद्याप पुरे झालेले नाही.